साखळकर डॉक्टरांचा प्रश्न

कळव्यात आमच्या साखळकर डॉक्टरांकडे तुम्ही काहीही घेऊन जा, खोकला, गुडघा, खाज, नाहीतर नुसतं फिटनेसचं सर्टिफिकेट. ते आधी दंडाला बीपीचा पट्टा बांधतात, फुगा दाबतात आणि पट्टा पुरता आवळला की डोळे मिटून विचारतात, "खेळता का?"

पट्टा आवळलेला असताना उठून जाता येत नाही. त्यामुळे काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

पहिल्यांदा आलेल्या माणसाला प्रश्न कळतच नाही. आमच्या इमारतीतल्या ऐंशीच्या कुलकर्णी आजी लाजून म्हणाल्या, "लहानपणी लंगडी खेळायचे हो. आता कुठलं!" डॉक्टरांनी तेही केसपेपरवर लिहून घेतलं. एका बँकेतल्या साहेबांनी आपण बॅडमिंटन खेळतो असं सांगून कॉलेजातल्या कपाचा इतिहास सुरू केला. डॉक्टरांनी तो थांबवला. "बॅडमिंटन नाही हो. पैसे लावून. लॉटरी, आकडा, पत्ते, मोबाइलवरच्या क्रिकेटच्या टीमा, काय असेल ते." साहेब उखडले. "मी तुम्हाला जुगारी वाटलो?" डॉक्टर म्हणाले, "मगाशी मी तुम्हाला पोट साफ होतं का असंही विचारलं. तेव्हा नाही रागावलात."

नव्या सुनेला घेऊन तिची सासू आली होती. सुनेला प्रश्न विचारल्यावर सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. डॉक्टरांनी सुनेच्या दंडाचा पट्टा सोडला आणि सासूबाईंच्या दंडाला बांधला. "आता तुम्ही सांगा." आमच्या सोसायटीच्या चेअरमननी तर याच प्रश्नापायी डॉक्टर बदलला. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, कारण चेअरमनच्या बायकोशी माझं चांगलं आहे.

डॉक्टरांची दुसरी खोड म्हणजे ते कायम दमलेले असतात. पेशंट खुर्चीत टेकतो न टेकतो तोच ते म्हणतात, "मी दमलोय. तुम्ही बोला." मग टेबलाखाली चपला काढून, मान मागे टाकून डोळे मिटतात. नवा पेशंट अर्धं सांगून गप्प होतो, कारण डॉक्टर झोपले असं कोणालाही वाटेल. एकदा एक रिक्षावाला हळूच अलकाला म्हणाला, "सर झोपले बहुतेक." अलका म्हणजे त्यांची कंपाउंडर, गेली बावीस वर्षं त्यांच्याकडे आहे. ती काही बोलायच्या आत मिटल्या डोळ्यांनीच आवाज आला, "जिना चढताना डाव्या बाजूला दुखतं म्हणालास. पुढे?"

अलकासुद्धा दमलेलीच असते. दाराशी उभी राहून ती "सर, तेवीस बसलेत" असं अशा आवाजात सांगते, की ते तेवीसच्या तेवीस तिच्या पाठीवर बसले असावेत.

माझ्या दंडाला पट्टा बांधून त्यांनी विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले. एकदा नाही, तीनदा.

मी पेडणेकर बाई. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी चौथीच्या वर्गाला. निवृत्त झाले आणि दुपारी मोकळ्या पडल्या. आमचे हे जेवले की दोन ते चार झोपतात. झोप म्हणजे अगदी शाळेच्या घंटेसारखी, दोनला सुरू, चारला बंद. त्या दोन तासांत घरात पंख्याशिवाय काही हलत नाही. भाच्याने एकदा माझ्या फोनवर रमीचा खेळ टाकून दिला. "मावशी, टाइमपास होईल." रमी मला लहानपणापासून येते. गणपतीत गावी आम्ही सगळ्या बहिणी रात्रभर खेळायचो आणि मी जिंकायचे. आधी नुसत्या पॉइंटांवर खेळले. मग थोड्या पैशांवर. मग थोड्या या शब्दाला काही अर्थ राहिला नाही.

आमच्या ह्यांना कळू नये म्हणून मी फोन दिवाळी अंकात धरून बसायचे. चारच्या आधी कधी डोळा उघडलाच, तर त्यांना मी वाचताना दिसायचे. ते लोकांना कौतुकाने सांगायचे, "हिचं वाचन दांडगं." एकच दिवाळी अंक मी सात महिने वाचत होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

सातव्या महिन्यात मी आईच्या पाटल्या विकल्या. नौपाड्यात ओळखीचे सोनार आहेत, म्हणून तिथे न जाता लांबच्या दुकानात गेले. ह्यांना सांगितलं, पाटल्या लॉकरमध्ये आहेत. त्याच सुमाराला छातीत जळजळ सुरू झाली. रात्री झोप लागेना. मी साखळकर डॉक्टरांकडे गेले.

"मी दमलोय. तुम्ही बोला."

मी जळजळ सांगितली, झोप सांगितली. पट्टा आवळला. "खेळता का?"

"नाही हो," मी म्हटलं, आणि वर हसलेसुद्धा.

"बरं." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. "पुढच्या वेळी परत विचारीन."

पंधरा दिवसांनी परत गेले. परत विचारलं, परत नाही म्हटलं. परत "बरं." खरं सांगते, मला त्यांचा राग यायला लागला होता. दुसऱ्या कोणाकडे गेले असते, पण बाकी कोणत्या डॉक्टरला माझी सगळी बाळंतपणं आणि ह्यांची मूळव्याध तोंडपाठ आहे?

तिसऱ्या वेळी गेले तेव्हा पुतणीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. ह्यांनी आदल्या दिवशी म्हटलं होतं, "तुझ्या आईच्या पाटल्या काढून आण हं. किती दिवसांत घातल्या नाहीस." पट्टा आवळला. प्रश्न आला. मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि विचारलं, "बाई, मूल गृहपाठ केला म्हणायचं आणि वही दाखवायचं नाही, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"दुसऱ्या दिवशी परत विचारायचे."

"मारायचात का?"

"छे हो."

"मग?"

त्या "मग" नंतर मला रडूच आलं. हवा सोडायची राहिली होती, हात काळानिळा पडायला लागला होता आणि मी रडत होते. त्यांनी पट्टा सोडला. अलका दार उघडून म्हणाली, "सर, सतरा..." तिने मला पाहिलं आणि वाक्य अर्धंच टाकून दार लावून घेतलं.

मी सगळं सांगितलं. दिवाळी अंकासकट. पाटल्यांचंही सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही, आणि तेच बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "जीव नकोसा होतो का?"

असं कोणी कोणाला विचारतं का? मी म्हटलं, "खाडीच्या पुलावरून रिक्षा जाते तेव्हा नको नको ते मनात येतं."

डॉक्टरांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत मी त्यांचे डोळे नीट पाहिलेच नव्हते. बारीक, पाणावलेले, वयस्कर डोळे. "आज रात्री येईल मनात?"

"आज नाही. आज बोलले ना."

"आलं तर मला फोन करायचा. किती वाजले आहेत ते बघायचं नाही. आणि उद्या आपण ठाण्याला जायचं. तिथे माझ्या ओळखीच्या एक मनोविकारतज्ज्ञ बाई आहेत. वयाने तुमच्या विद्यार्थिनी शोभतील, पण हुशार आहेत. हा आजार आहे, बाई. याला औषधोपचार असतात. माझं काम विचारायचं आणि योग्य माणसापर्यंत पोहोचवायचं."

"चिठ्ठी द्या, मी जाईन."

"चिठ्ठी दिली तर तुम्ही पुलावरून परत याल," ते म्हणाले. "मी येतो बरोबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही रिक्षाने निघालो. पुलावर नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. बाजूला खाडीचा वास, पुढे टँकर, आणि डॉक्टर मीटरकडे बघून कुरकुरत होते. मला बाहेर बघायला लागू नये म्हणून असेल, पण ते आपणहून बोलायला लागले. म्हणाले, "एका बाईंना मी तीन वर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. झोपेच्या दिल्या. एंडोस्कोपी करून आणायला लावली. सगळं नॉर्मल. मग त्यांचं घर विकलं गेलं तेव्हा कळलं, त्या लॉटरीच्या दुकानात बसायच्या. मी फक्त विचारायला हवं होतं."

"मग त्या?"

"डोंबिवलीला गेल्या, मुलाकडे. माझ्याकडे परत आल्या नाहीत. लाज वाटली असेल." परत मीटरकडे बघून म्हणाले, "मला पण वाटली. म्हणून मीही गेलो नाही."

तज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात माझ्या शेजारी ते डोळे मिटून बसले. तिथली मुलगी फॉर्म घेऊन आली. दोघांकडे पाहून तिने पेशंट कोण ते स्वतःच ठरवलं आणि डॉक्टरांना मोठ्या आवाजात विचारलं, "काका, त्रास कधीपासून होतोय?"

"चाळीस वर्षं," डॉक्टर म्हणाले. "प्रॅक्टिस आहे माझी."

किती महिन्यांनी हसले असेन मी.

आता ह्यांना सांगायचं राहिलं होतं. "तुम्हीच सांगा ना," मी डॉक्टरांना म्हटलं. "नाही. तुम्ही सांगायचं. मी शेजारी बसून चहा पिईन." संध्याकाळी ते दवाखाना अर्धा तास उशिरा उघडणार असं अलकाला सांगून आमच्याकडे आले. आमच्या ह्यांना वाटलं, माझ्यात काहीतरी मोठं निघालं. त्यांचा चेहराच उतरला. मी चहा आणला. सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, "साखर पुरे ना?" डॉक्टरांनी चहा संपवला. मी दुसरा केला. तोही त्यांनी संपवला. तिसऱ्या कपाला ते म्हणाले, "बाई, मला डायबिटीस आहे."

मग मी सांगितलं.

हे बराच वेळ दाराकडे बघत बसले. मग उठले, पिशवी घेतली आणि "दूध संपलं असेल" म्हणून खाली गेले. एक तास आले नाहीत. डॉक्टरांचा दवाखाना तेवढा वेळ बंद राहिला. ते उठले नाहीत आणि मला धीराचं एक वाक्यही बोलले नाहीत. हे परत आले तेव्हा हातात दूध होतं आणि डोळे लाल होते. "त्याचं दूध नासलेलं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या दुकानात जावं लागलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लग्नाला मोत्याच्या बांगड्या घाल. त्याही बऱ्या दिसतात."

त्या रात्री त्यांनी दिवाळी अंक रद्दीत टाकला. एवढंच.

माझा फोन ह्यांच्या कपाटात गेला. बँकेचं सगळं ह्यांच्याकडे गेलं. मला बटणांचा साधा फोन मिळाला, त्यात खेळ म्हणून फक्त एक साप होता. आठवड्याला ठाण्याला जायचं, गोळ्या घ्यायच्या, तिथल्या बाईंशी बोलायचं. आणि रोज दुपारी अडीच वाजता तो बटणांचा फोन वाजायचा.

"साखळकर बोलतोय. आज भाजी काय?"

"पडवळ."

"चण्याची डाळ घालून?"

"हो."

"बरं."

आणि फोन बंद. रोज. रविवारी, सणाला, धुळवडीला. सुरुवातीला वाटायचं, यांना काय उद्योग नाही! भाजी नसली तर काय सांगायचं म्हणून मी मुद्दाम भाजी करायला लागले. एकेचाळिसाव्या दिवशी मी ह्यांचा फोन घेऊन बाथरूममध्ये बसले आणि खेळले. अर्धा तास. दुसऱ्या दिवशी अडीचला भाजी विचारल्यावर मी म्हटलं, "काल खेळले." पलीकडे श्वास ऐकू आला. "दमवता हो तुम्ही," ते म्हणाले. "उद्या या. आणि पेडणेकरांना सांगा, फोनला कुलूप घाला. चाळीस दिवस राहिलात ते काही पुसलं जात नाही." तज्ज्ञ बाईंनीही तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन.

अलकाने एकदा मला कोपऱ्यात घेतलं. "बाई, तुम्हाला अडीचला येतो ना? आणखी नऊ जण आहेत. प्रत्येकाची वेळ वेगळी. ज्याची ज्या वेळी खेळायची सवय, त्याला त्या वेळी. एकाला पहाटे साडेपाचला करतात, एकाला मॅच सुरू व्हायच्या आधी. माणूस दुपारी पडायचा कधी? मग संध्याकाळी माझ्यासमोर डोळे मिटून बसतात, आणि पेशंट मला विचारतात, सर झोपले का." ती रागाने बोलत होती. तो राग ऐकून मला कळलं, तिलाही कोणी तिच्या वेळी कधी विचारत नसणार. मी तिला विचारलं, "अलका, तू जेवलीस का?" ती म्हणाली, "आता तुम्ही नका सुरू करू."

मध्यंतरी असे पैशांचे खेळ बंद झाले म्हणून बातम्या आल्या. मला वाटलं, आता डॉक्टरांचा प्रश्न सुटला. पण त्यांनी विचारणं काही सोडलं नाही. म्हणे, "दुकानाला कुलूप लागलं. गिऱ्हाईक घरीच आहे."

मग एका बुधवारी अडीचला फोन वाजला नाही. गुरुवारीही नाही. मी घड्याळाकडे बघत बसले. मला भीती वाटायला लागली. खेळायची नव्हे, हा माणूस कुठे गेला याची. अलकाला फोन केला. "ताप आलाय. घरी आहेत. कोणाला येऊ देत नाहीत."

मी मऊ भात आणि मेतकुटाचा डबा घेऊन गेले. दवाखान्यामागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते एकटेच राहतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी परदेशात. त्यांनीच दार उघडलं. बनियन, गळ्यात मफलर, दाढी वाढलेली. मला पाहून म्हणाले, "तुमची वेळ चुकली. सॉरी."

डबा ठेवायला जागा शोधताना मला भिंतीला टेकवलेलं एक चौकोनी घडीचं टेबल दिसलं, वर हिरवं कापड ठोकलेलं. शेजारी चार घडीच्या खुर्च्या. सगळ्यावर धूळ. असलं टेबल कशाचं असतं ते मला कोणी सांगायला नको होतं.

"तुम्ही खेळता?" मी विचारलं.

ते पलंगावर बसले. "खेळायचो. रविवारी. वसुधा, मी आणि समोरचे दोघं. चिंचोक्यांवर. वसुधा गेली तरी आम्ही तिघं खेळत होतो. मग मी पेशंटना विचारायला लागलो. लोक रविवारीसुद्धा वर येतात औषधाला. दार उघडलं आणि टेबलावर पत्ते दिसले, तर तुमच्यासारख्यांना काय वाटेल?"

"पण चिंचोक्यांवर, डॉक्टर."

"तुम्हीपण पॉइंटांवरच सुरू केलं होतंत." त्यांनी भाताचा घास घेतला. "ते दोघं आता दुसरीकडे जमतात. बोलावतात. मी सांगतो, पेशंट आहेत."

"रविवारी काय करता मग?"

"काही नाही. संध्याकाळ होते."

घरी येऊन मी हे ह्यांना सांगितलं. पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर ते झोपले नाहीत. शर्ट घातला आणि डॉक्टरांना आणायला स्वतः गेले. मला प्रश्न पडला, दोन म्हाताऱ्या माणसांना चार तास काय करायला देऊ? गप्पा दोघांनाही येत नाहीत. पत्ते या घरात येणार नाहीत. मी बिरड्यासाठी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले होते, तेच परातीत ओतून मध्ये ठेवले.

डॉक्टरांना वाल सोलता येत नाही. ते चिमटीत जोरात दाबतात आणि वाल उडून कपाटाखाली जातो. आमचे हे न बोलता तो काठीने बाहेर काढतात. पहिल्या रविवारी अर्धे वाल जमिनीवरच होते. तरी पुढच्या रविवारी डॉक्टर चार वाजता आपणहून आले, आणि त्याच्या पुढच्याही. आता आम्ही आठवड्याला इतकं बिरडं खातो, की शेजारी वासावरून वार ओळखतात. परवा त्यांना सोलायला बरंच जमत होतं. अर्धी परात सोलून झाली. मग डॉक्टर परातीकडे बघतच म्हणाले, "वसुधा माझी पानं चोरून बघायची. चष्मा पुसायचं निमित्त करायची आणि वाकायची."

"मग?" हे म्हणाले.

"मग काय. मी जरा खाली धरायचो."

"किती वर्षं?"

"सगळीच," डॉक्टर म्हणाले, आणि पुढचा वाल उचलला.